आईने सोसलेला फुटबॉल

दिवंगत आईविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात बहुधा एक ठरलेला हिशेब सापडतो. आईने काय काय सोसले हे आधी सांगितले जाते आणि त्या सोसण्याचे पुढे काय झाले हे नंतर; पाटल्या मोडून फी भरली आणि मुलगा अधिकारी झाला, रोजंदारी करून शिकवले आणि मुलगी डॉक्टर झाली, अशा जोड्यांतून तिचे मोठेपण सिद्ध होत जाते. या मांडणीत खोटे काही नाही, कारण महाराष्ट्रातील असंख्य घरांची उभारणी खरोखरच अशी झाली आहे. परंतु त्याग आणि फळ यांची सांगड एकदा पक्की बसली, की ज्या सोसण्याला कोणतेही फळ आले नाही त्याला आठवणीत जागा उरत नाही. मुलाला फुटबॉलचे वेड आहे, आईला तो खेळ कळत नाही आणि फारसा आवडतही नाही, तरी ती तो वर्षानुवर्षे चालू देते, आणि त्या वेडातून पुढे ना नोकरी निघते ना नाव. अशा आईच्या माघारी तिचे नेमके काय आठवावे, हा प्रश्न वरच्या हिशेबाला अडचणीत आणतो. या लेखाचे म्हणणे असे की अशा आईचे सोसणे ही तिने जाणूनबुजून केलेली कृती असते, परताव्याची आशा नसल्यामुळेच तिचे नैतिक मोल मोठे असते, आणि त्या कृतीची किंमत कोणी मोजली व तीच मुभा कोणाला नाकारली गेली, हे सांगितल्याशिवाय तिचे स्मरण प्रामाणिक होत नाही.

हा विचार तपासायला अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, हा जिल्हा फार उपयोगी आहे, कारण खेळाने नाव मिळवल्याची ठळक उदाहरणे या जिल्ह्याजवळ आहेत, पण ती क्रिकेटची आहेत. २०११च्या विश्वचषकात २१ बळी घेऊन सर्वाधिक बळी मिळवणाऱ्यांत संयुक्तपणे पहिला राहिलेला झहीर खान मूळचा श्रीरामपूरचा. अजिंक्य रहाणे याचा जन्म संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा. डोंबिवलीत वाढलेल्या रहाणेने आपल्या आईविषयी जाहीरपणे सांगितले आहे, की रिक्षा परवडत नसल्यामुळे ती धाकट्या मुलाला कडेवर घेऊन आणि थोरल्याचे क्रिकेटचे सामान हातात घेऊन त्याला सरावाला पायी नेत असे. ही हकिकत ऐकणाऱ्याला ती पायपीट सार्थ वाटते, याचे कारण शेवटी कसोटी संघाची टोपी दिसते. क्रिकेटपुरते बोलायचे तर नगरच्या आईसमोर निदान एक वाट होती, मग ती कितीही अरुंद असो. फुटबॉलचे तसे नव्हते. या खेळात मुलगा पुढे जाऊन काय होणार, या प्रश्नाला जिल्ह्यात दाखवण्याजोगे उत्तर नव्हते, आणि म्हणून जिने तो चालू दिला तिने तो उत्तराशिवायच चालू दिला.

फुटबॉल येथे परका होता असे मात्र नाही. १८०३ साली नगरचा भुईकोट किल्ला इंग्रजांच्या हाती गेल्यानंतर शहराला लागून लष्करी छावणी वसली आणि भिंगारच्या बाजूचा तो परिसर आजही रणगाडा दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे ओळखला जातो. लंडनमध्ये १८६३ साली नियमबद्ध झालेला हा खेळ पलटणींबरोबर हिंदुस्थानात आला, १८८८ साली सिमल्यात ड्युरँड चषक आणि १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला, आणि छावणी असलेल्या गावांना त्याची तोंडओळख झाली. पण तोंडओळख असणे वेगळे आणि गावाने खेळ आपला मानणे वेगळे. कोल्हापुरात फुटबॉल तालमींनी, म्हणजे पेठेपेठेतल्या आखाड्यांभोवती उभ्या राहिलेल्या मंडळांनी, दत्तक घेतला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ पेठेची अब्रू म्हणून मैदानात उतरतात, आणि १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने त्या चुरशीला व्यवस्था दिली. ज्या शहरात अख्खी पेठ खेळाडूच्या पाठीशी असते, तेथे आईच्या सोसण्यात शेजारपाजारचा वाटा असतो. मुलगा चिखलाने माखून आला तर तो कोणत्या संघासाठी माखला हे गल्लीला ठाऊक असते. भारताने २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात पहिल्यांदा संघ उतरवला, तेव्हा त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, यामागे या सामूहिक पाठबळाचाही हात आहे. नगर जिल्ह्यातील बहुतेक गावांत असे पाठबळ नव्हते. तेथे फुटबॉल ही एखाद्या शाळेची, एखाद्या क्रीडाशिक्षकाची आणि दहा-बारा पोरांची गोष्ट राहिली, आणि समाजाने न उचललेला भार सरळ घरावर, म्हणजे बहुतांशी आईवर, येऊन पडला.

तो भार नेमका कशाचा होता हे पाहण्यासाठी जिल्ह्याच्या पाण्याकडे पाहावे लागते. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा, अकोले तालुक्याचा डोंगराळ पश्चिम भाग सोडला, तर पर्जन्यछायेत मोडतो. पर्जन्यछाया म्हणजे डोंगराच्या ज्या बाजूला ढग पोहोचेपर्यंत त्यांतले बरेचसे पाणी आधीच बरसून गेलेले असते तो प्रदेश. प्रवरा आणि मुळा या नद्यांच्या कालव्यांनी उत्तरेकडील तालुक्यांत ऊस आणि साखर कारखाने आणले, पण पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या बाजूंना टँकरची वाट पाहणे हा कित्येक उन्हाळ्यांचा नित्यक्रम राहिला आहे. फुटबॉल हा जमिनीशी झटणारा खेळ आहे. कोरड्या दिवसांत तो मुरमाची धूळ अंगावर घेतो आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, जो वाळला की कापडाच्या विणीत जाऊन बसतो आणि एका धुण्यात निघत नाही. शाळेचा पांढरा सदरा असा माखून आला की तो आधी बादलीत भिजत घालावा लागतो, मग गढूळ पाणी ओतून पुन्हा भिजवावा लागतो, मग दगडावर घासावा लागतो. आणि जेथे हंडा डोक्यावरून आलेला असतो तेथे हे प्रत्येक पाणी दुसऱ्या कशातून तरी काढलेले असते. अशा घरातली बाई पहिले गढूळ पाणी अंगणात शिंपडते, दुसरे मोरी धुण्यासाठी राखते आणि तिसऱ्यात घरच्या इतर कपड्यांची वेळ भागवते. मुलाच्या एका संध्याकाळच्या खेळाची खरी किंमत या तीन पाण्यांत मोजली गेली, आणि ती मोजणारी व्यक्ती मैदानावर कधी गेलेलीही नव्हती.

बुटांचेही तसेच. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, आणि पुढची काही वर्षे अनवाणी फुटबॉल हा या देशात कौतुकाचा विषय होता. परंतु शाळकरी पोराच्या बाबतीत प्रश्न असा, की जून महिन्यात घेतलेले शाळेचे बूट दिवाळीपर्यंत पुढून उसवले तर नवे कोठून आणायचे. चेंडू चामड्याचा असे, आत रबरी ब्लॅडर आणि वरून वादीने आवळलेले तोंड. पावसात भिजला की तो जड होई आणि घरात आणला की वास येई. चामडे घरात कोठे ठेवावे याविषयी ज्या घरांचे संकेत कडक होते, तेथे तो चेंडू देवघरापासून दूर, खाटेखाली किंवा मागच्या पडवीत, ठेवायला जागा करून देणे हीसुद्धा एक तडजोड होती. ती आईने केली आणि तिचा उच्चार केला नाही, कारण उच्चार केला असता तर घरातील वडीलधाऱ्यांकडे तो विषय निर्णयासाठी गेला असता आणि निर्णय काय लागला असता हे तिला ठाऊक होते.

दूरदर्शनने या सोसण्यात रात्रीची भर घातली. १९८६चा विश्वचषक मेक्सिकोत झाला. तेथे दुपारी बारा वाजता सुरू होणारा सामना भारतात रात्री साडेअकराला सुरू होई. २२ जून रोजी दिएगो माराडोनाने इंग्लंडविरुद्ध केलेले दोन गोल, ज्यांतला पहिला हाताने केलेला आणि दुसरा निम्म्याहून अधिक मैदान एकट्याने चेंडू नेत केलेला, भारतात मध्यरात्र उलटून गेल्यावर दिसले. ते दिवस मृगाच्या पावसानंतरच्या पेरणीचे, घरातील बाईचा दिवस पहाटे चारला सुरू होण्याचे. एका खोलीच्या घरात दूरचित्रवाणीचा आवाज बंद करून कोणी सामना पाहत असला तरी उजेड बंद होत नाही. त्या उजेडाकडे पाठ करून निजलेल्या आणि सामना संपल्यावर अडीच-तीन तासांनी उठून चूल पेटवणाऱ्या आईला त्या गोलांचे महत्त्व कळले नाही, कळण्याचे कारणही नव्हते. पण तिने उठून संच बंद केला नाही, एवढी वस्तुस्थिती विचारात घेण्याजोगी आहे.

या वस्तुस्थितीला अर्थ द्यायला अमेरिकन तत्त्वज्ञ सारा रडिक यांची मांडणी उपयोगी पडते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे मांडले, की मातृत्व ही केवळ भावना नसून विचारपूर्वक करायचे काम आहे, आणि त्या कामावर तीन मागण्या असतात: मूल जिवंत व सुरक्षित राहावे, त्याची वाढ व्हावी, आणि समाजाने त्याला स्वीकारावे. रडिक यांच्या मते या तिन्ही मागण्या नेहमी एका दिशेने ओढत नाहीत आणि त्यांच्यातील ताण सांभाळण्यातूनच आईची विचारशक्ती घडते. नगरच्या घरातला फुटबॉल हा ताण उघडा करतो. गुडघे फुटतात, म्हणून सुरक्षिततेची मागणी खेळाच्या विरुद्ध जाते. दहावीचे वर्ष आले की शेजारी आणि नातलग विचारू लागतात, म्हणून समाजाच्या स्वीकाराची मागणीही विरुद्ध जाते. आणि मुलाचा चेहरा मैदानावरून येताना जसा असतो तसा दिवसभरात दुसऱ्या कोणत्याच वेळी नसतो, एवढ्याच पुराव्यावर वाढीची मागणी खेळाच्या बाजूने उभी राहते. तीनपैकी दोन मागण्या विरुद्ध असताना तिसरीला कौल देणे, आणि तोही स्वतःला न कळणाऱ्या गोष्टीच्या बाबतीत, हा निर्णय आहे. तो रोज संध्याकाळी नव्याने घ्यावा लागला आणि कोणालाही न सांगता घेतला गेला, म्हणून तो निर्णय नव्हताच असे मानणे चूक ठरेल.

येथे सोसणे आणि प्रोत्साहन देणे यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो, कारण आजचा सुशिक्षित पालक पहिल्याला कमी आणि दुसऱ्याला श्रेष्ठ समजतो. प्रोत्साहन देणारा पालक मुलाला अकादमीत घालतो, बूट आणतो, प्रशिक्षकाशी बोलतो, सामन्याच्या कडेला उभा राहतो, आणि हे सर्व चांगल्याच हेतूने करताना तो खेळ हळूहळू आपल्या ताब्यात घेतो. मग हरणे हे मुलाचे एकट्याचे राहत नाही आणि खेळ सोडून देणे हा विश्वासघात ठरतो. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९३८ साली संस्कृतीच्या मुळाशी खेळ असल्याचा सिद्धान्त मांडताना खेळाची जी लक्षणे सांगितली त्यांत तो स्वेच्छेने होतो आणि त्यात भौतिक लाभाचा हेतू नसतो, ही दोन आहेत. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५८ साली एका निबंधात आणखी बारीक गोष्ट दाखवली: आई जवळ आहे, पण ती आपल्यात ढवळाढवळ करत नाही, अशा स्थितीतच मूल एकटे असण्याची क्षमता शिकते आणि स्वतःच्या आवडी स्वतःच्या म्हणून ओळखू लागते. हे दोन विचार एकत्र ठेवले की सोसणाऱ्या आईचे कर्तृत्व स्पष्ट होते. तिने खेळ समजून घेण्याचा आव आणला नाही आणि तो आपलाही केला नाही. ती घरात होती, भाकरी झाकून ठेवलेली होती, दार उघडे होते, आणि खेळ पूर्णपणे मुलाचा होता. ज्या आवडीवर दुसऱ्या कोणाचाही मालकी हक्क नाही अशी एक तरी गोष्ट आयुष्यात असणे ही माणसाच्या स्वातंत्र्याची पहिली शिकवण आहे, आणि ती आईच्या अलिप्तपणातून मिळाली.

मराठी परंपरेला हा विचार अनोळखी नाही. यमुनेकाठी चेंडू खेळणारा आणि तो डोहात पडल्यावर कालियाच्या पाण्यात उडी घेणारा कृष्ण कीर्तनांतून घरोघर पोहोचला, आणि संतांच्या गवळणींमध्ये, म्हणजे गोपींच्या मुखी घातलेल्या पदांमध्ये, यशोदा पुन्हा पुन्हा दिसते ती शेजारणींची गाऱ्हाणी ऐकून घेणारी आई म्हणून. खोडकर मुलाची बाजू घ्यावी की त्याला बांधून ठेवावे या पेचात ती कायम असते आणि दोन्ही करून पाहते. दुसरीकडे, साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये पोहायला भिणाऱ्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते; तेथे शरीराचे धाडस हा संस्कार आहे आणि आई तो देणारी आहे. या दोन आयांच्या मधे तिसरी आई उभी आहे, जिने मुलाला मैदानावर ढकलले नाही आणि मागेही ओढले नाही. मराठी वाङ्मयाने पहिल्या दोघींना भरभरून जागा दिली. तिसरीच्या वाट्याला शब्द कमी आले, कारण तिच्या वागण्यात सांगण्यासारखी घटना नसते आणि तिचे काम घटना टाळण्यातच असते.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो बाजूला सारता येणार नाही. ज्याला येथे आईचा निर्णय म्हटले, तो बाईच्या असहायतेचा दुसरा चेहरा असू शकतो. ज्या घरात मुलग्याला अडवण्याचा अधिकारच तिला नव्हता, तेथे तिचे सोसणे ही निवड कशी? याहून कठीण प्रश्न मुलीचा आहे. ज्या आईने मुलाचा मळलेला सदरा तीन पाण्यांत धुतला, तिनेच त्याच संध्याकाळी मुलीला पाणी भरायला लावले असेल, तर त्या मुभेत ममतेइतकाच पुरुषप्रधान घराचा रिवाजही होता हे मान्य करावे लागते. हा भेद फक्त आपल्याकडचा नाही: इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ५ डिसेंबर १९२१ रोजी आपल्या सभासद क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांना खेळू देण्यास मनाई केली आणि ती जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. खुद्द त्या आईचेही खेळ होते. झिम्मा, फुगडी, पंचमीचा झोका यांत तिचे शरीर मोकळे झालेले होते, पण लग्नानंतर ते सणांच्या तारखांपुरते उरले. आणि पाथर्डीसारख्या तालुक्यांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या आयांना तर मुलाचा खेळ सोसण्याची संधीही मिळत नाही, कारण अर्धे वर्ष त्या मुलापासून दूर फडात असतात किंवा मूल शाळा सोडून त्यांच्यासोबत असते.

आक्षेपातील तथ्य स्वीकारूनही एक गोष्ट शिल्लक राहते. अधिकार नसलेल्या माणसाकडेही अडथळा आणण्याची साधने असतात, आणि आईकडे ती भरपूर होती. वडिलांच्या कानावर एक शब्द घालणे, नेमकी पाचच्या ठोक्याला दळण आणायला पाठवणे, चेंडू कोणाला तरी देऊन टाकणे, यांपैकी काहीही तिला करता आले असते आणि अनेक घरांत ते झालेही. जिने ते केले नाही, तिने आपल्या हातातली थोडीशी सत्ता मुलाच्या आनंदाच्या बाजूने वापरली. मुलीला ती मुभा मिळाली नाही म्हणून मुलाला मिळालेली मुभा निरर्थक ठरत नाही. ती अपुरी ठरते, आणि अपुरी गोष्ट पुरी करण्याची जबाबदारी ज्याला ती मिळाली त्याच्यावर येते. गडहिंग्लज तालुक्यातील बेकनाळ या खेड्यातून निघून फुटबॉल प्रशिक्षकाच्या ‘ए’ परवान्यापर्यंत पोहोचलेल्या अंजू तुरंबेकर यांच्यासारखी उदाहरणे दाखवतात, की ग्रामीण मराठी घरातील मुलीसाठीही ही वाट खुली होऊ शकते. ती अपवादाने खुली राहावी की रिवाजाने, हे पुढच्या घरांनी ठरवायचे आहे.

आई गेल्यानंतर मुलाच्या मनात जी खंत उरते, तिचे स्वरूप यामुळे नीट समजते. मैदानावरचा मुलगा धुण्याचे पाणी पाहत नाही. ते त्याला दिसते ते पुष्कळ वर्षांनी, स्वतःच्या घरात स्वतःच्या मुलाचे मळलेले कपडे समोर आल्यावर, आणि तोवर सांगायला ती नसते. अशा वेळी आईला असीम ठरवून मोकळे होण्याचा मोह होतो. ज्या जिल्ह्यातील नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या जिल्ह्याला आई हे करुणेचे परम रूप मानायला कोणी शिकवावे लागत नाही. वारकऱ्यांनी ज्ञानेश्वरांनाच माउली केले. पण संताविषयीची ही भाषा घरातल्या बाईला जशीच्या तशी लावली, तर तिचे दमणे, तिची चिडचिड, क्वचित दिलेल्या शिव्या आणि एखाद्या दिवशी रागाने कोपऱ्यात फेकलेले बूट हे सारे आठवणीतून पुसले जाते. ज्याच्या सहनशीलतेला अंत नाही त्याला सोसण्याचे कष्ट पडत नाहीत, आणि ज्याला कष्टच पडले नाहीत त्याचे ऋणही उरत नाही. म्हणून आईला देवत्व देण्यापेक्षा तिच्या मर्यादांसह तिला आठवणे अधिक कृतज्ञपणाचे आहे: तिला खेळ आवडत नव्हता, ती वैतागत होती, आणि तरीही तिने तो बंद पाडला नाही.

असे स्मरण फोटोला हार घालून आणि वर्षश्राद्धाचे जेवण घालून पुरे होत नाही. जिल्ह्यातील गावागावांत शाळेची मैदाने बांधकामांनी आक्रसत असताना एक मैदान मोकळे राखण्यासाठी ग्रामसभेत उभे राहणे, मुलीला संध्याकाळचे दोन तास पाण्याच्या आणि स्वयंपाकाच्या कामातून सोडवणे, मळलेला सदरा धुण्याचे काम घरातील पुरुषाने आणि खेळणाऱ्या मुलाने स्वतः करणे, ही त्या स्मरणाची व्यवहारातली रूपे आहेत. सर्वांत कठीण रूप मात्र घरातच आहे. आपल्या अपत्याला जी आवड लागेल ती कदाचित फुटबॉल नसेल, ती न कळणारी आणि निरुपयोगी वाटणारी असेल, आणि तिच्यातून काय निष्पन्न होणार या प्रश्नाला उत्तर नसेल. अशा वेळी तिच्यात नाक न खुपसता तिच्यासाठी जागा, वेळ आणि पाणी काढणे, आणि हे काम एकट्या बाईच्या अंगावर न टाकता सगळ्या घराने वाटून घेणे, हेच त्या आईकडून शिकण्यासारखे आहे. तिने जे एकटीने आणि न बोलता केले, ते पुढच्या पिढीने मिळून आणि उघडपणे करावे, यापेक्षा तिच्या ऋणाची अधिक रास्त फेड संभवत नाही.